नऊ लिटर पाणी

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी असलेल्या माकणी गावाचे नाव मराठवाड्याबाहेर ज्यांच्या कानांवर आलेले असते, त्यांच्या कानांवर ते बहुधा तेथील धरणामुळे आलेले असते. निम्न तेरणा प्रकल्प या नावाने सरकारी दप्तरात नोंदलेला हा जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस भरला, म्हणजे पंचक्रोशीतील माणूस त्याकडे समाधानाने पाहतो. आणि वैशाखात त्याची कड भेगाळलेल्या गाळाचे पट्टे मागे टाकीत आत आत सरकू लागली, की तोच माणूस मृगाचे दिवस मोजू लागतो. ज्या मुलखात पाण्याचा हिशेब घागरींनी होतो, आणि विहिरीचा तळ दिसू लागल्यावर पोहऱ्यांनी होतो, त्या मुलखात बसून मोटारगाडीचा इतिहास वाचू लागले, तर त्यातील एक प्रकरण इतरांहून अधिक जवळचे वाटते. ते प्रकरण रेडिएटरचे. यंत्रशास्त्राचे ग्रंथ त्याची गणना उष्णतेच्या अध्यायात करतात, आणि ते यथायोग्यच आहे. तथापि या अवर्षणप्रवण पठारावरून पाहणाऱ्याला त्यात पाणी राखण्याच्या विद्येचा एक अध्याय दिसतो. पहिल्या मोटारी पाणी पिऊन संपवीत असत, नंतरच्या मोटारी तेच पाणी फिरवून फिरवून वापरू लागल्या, आणि हा पालट घडवून आणण्यासाठी जर्मनीच्या कारखान्यांपासून सह्याद्रीच्या घाटांपर्यंत ज्या कसोट्या घ्याव्या लागल्या, त्यांची हकीकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोल जळते, तेव्हा त्यातून निघणाऱ्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकांना गती देण्याच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर नळीवाटे निघून जातो, आणि तिसरा सिलिंडरच्या लोखंडात शिरतो. हा तिसरा वाटा बाहेर काढण्याची तजवीज केली नाही, तर वंगणाचे तेल करपते, दट्ट्या फुगून सिलिंडरात आवळला जातो, आणि चालते इंजिन जागच्या जागी जखडून बसते. म्हणून सिलिंडरभोवती पोकळ भिंत ठेवून तीत पाणी भरावयाचे, आणि लोखंडाची उष्णता त्या पाण्याने शोषून घ्यावयाची, ही युक्ती मोटारीच्या जन्मापूर्वीच कारखान्यांतील स्थिर इंजिनांना लागू झालेली होती. स्थिर इंजिनाला पाण्याची ददात नसे. शेजारी हौद बांधला, की काम भागे. मोटारीला मात्र आपला हौद आपल्याच पाठीवर वाहून न्यावा लागणार होता, आणि सगळी अडचण तेथेच होती.

कार्ल बेन्झने 29 जानेवारी 1886 रोजी आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले, त्या गाडीचे इंजिन जेमतेम पाऊण अश्वशक्तीचे होते, आणि त्याचे शीतन अगदी साध्या तत्त्वावर चाले: सिलिंडरभोवतीचे पाणी उकळावे, वाफ होऊन निघून जावे, आणि जितके गेले तितके पुन्हा ओतावे. या रीतीला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, तर तेच उकळते पाणी पूर्णपणे वाफेत परिवर्तित करण्यास सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा ते जाता जाता अपार उष्णता बरोबर घेऊन जाते. उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी गार होते ते याच न्यायाने. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडून जाते, आणि उरलेल्याला शीतळ करून जाते. पण माठाचे झिरपणे थेंबांत मोजले जाते, आणि इंजिनाची तहान लिटरांत. माठ रोज भरावा लागतो हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराला बेन्झच्या गाडीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

त्या गाडीची पहिली खरी परीक्षा कोणत्याही संस्थेने घेतली नाही. ती बेन्झच्या पत्नीने, बर्टा बेन्झने, घेतली. 1888 च्या ऑगस्ट महिन्यात पतीस न कळविता, ऑयगेन आणि रिखार्ड या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन ती मानहाइमहून फोर्टझ्हाइम येथील आपल्या माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरांच्या त्या प्रवासात वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, चोंदलेली इंधनाची नळी आपल्या टोपीच्या सुईने मोकळी केली, आणि जेथे पाणी दिसेल तेथे गाडी थांबवून ती सिलिंडरला पाणी पाजीत गेली. जगातील पहिला दूरचा मोटारप्रवास हा अशा रीतीने पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत झालेला प्रवास होता. ऱ्हाइनच्या खोऱ्यात पाणवठ्यांना तोटा नव्हता. हीच गाडी वैशाखात तेरणेच्या खोऱ्यात उतरली असती, तर तिचा मार्ग रस्त्याने ठरवला नसता, विहिरींनी ठरवला असता.

वाफ करून पाणी गमावण्याऐवजी तेच पाणी हवेने निववून पुन्हा कामास लावावे, हा विचार स्वाभाविकपणे पुढे आला. मात्र तो साधण्यास दहा-बारा वर्षे लागली. गोटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी 1889 च्या आपल्या गाडीत चौकटीच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी खेळवून पाहिले. इतर कारागिरांनी नागमोडी नळी गाडीच्या पुढे टांगली आणि तिला पातळ पत्र्याचे पंखे जोडले. इंजिन चार-सहा अश्वशक्तीचे असेपर्यंत या उपायांनी निभावले. परंतु शक्ती वाढू लागली तशी नळी लांबू लागली, पाण्याची टाकी मोठी होऊ लागली, आणि मोटार आपल्या शक्तीचा एक भाग आपलेच पाणी वाहण्यात खर्च करू लागली. 1897 च्या अखेरीस मायबाखने या प्रश्नाची बाजू उलटी केली. पाणी नळीत आणि हवा बाहेर, ही आजवरची रचना. त्याने हवा नळीत घेतली आणि पाणी बाहेर ठेवले. पाण्याच्या एका चपट्या टाकीतून अनेक बारीक नळ्या आरपार काढल्या, टाकी गाडीच्या तोंडाशी उभी केली, आणि धावत्या गाडीस समोरून भिडणारा वारा त्या नळ्यांतून जाऊ दिला. डाइमलरच्या फीनिक्स गाडीला ही टाकी बसली, आणि तिला सुमारे 18 लिटर पाणी लागे.

ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. बंबाच्या मध्यातून एक नळकांडे जाते; खाली निखारे असतात, त्यांची कढत हवा त्या नळकांड्यातून वर चढते, आणि भोवतालचे पाणी तिची उष्णता घेऊन तापते. मायबाखने केले ते याच्या नेमके उलट: भोवतालचे पाणी कढत आहे, नळीतून जाणारी हवा थंड आहे, आणि उष्णता पाण्याकडून हवेकडे जाते. फरक इतकाच, की बंबाला एक नळकांडे पुरते, कारण निखाऱ्यांची हवा पाण्याहून शेकडो अंशांनी अधिक तापलेली असते. मोटारीपुढची हवा पाण्याहून पन्नास-साठ अंशांनीच थंड असते, म्हणून तेथे एका नळीने भागत नाही, हजारो लागतात.

त्या हजारोंची संख्या 1900 साली ठरली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात डाइमलर वारला, आणि नीस येथे राहणारा धनिक एमिल येलिनेक याच्या आग्रहावरून मायबाखने एक नवी, ठेंगणी, रुंद आणि त्या काळाच्या मानाने प्रचंड शक्तीची गाडी आखली. येलिनेकच्या मुलीच्या नावावरून तिला मर्सिडीज म्हणण्यात आले. तिचे इंजिन 35 अश्वशक्तीचे होते, आणि त्याची उष्णता निववण्यासाठी मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर घडवला. त्यात 6 मिलिमीटर लांब आणि तितक्याच रुंद तोंडाच्या 8,070 चौकोनी नळ्या एकमेकींना खेटून बसवलेल्या होत्या, त्यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी उतरत असे, आणि गाडी मंद चालत असतानाही हवा ओढली जावी म्हणून मागे पंखा होता.

या आकड्यापाशी क्षणभर थांबावे, कारण साऱ्या शोधाचे सार त्यात आहे. या 8,070 नळ्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ काढले, तर ते सुमारे 54 सेंटिमीटर बाजूच्या एका चौकोनी खिडकीइतके भरते. तेवढी एकच मोकळी खिडकी ठेवली असती, तर तिच्यातून जाणाऱ्या वाऱ्याला चारी बाजूंचा मिळून सव्वादोन मीटरांहून कमी काठ शिवता आला असता. तीच खिडकी 8,070 नळ्यांत विभागल्यावर एकेका नळीचा काठ 24 मिलिमीटरांचा, आणि सर्वांचा मिळून सुमारे 194 मीटरांचा झाला. वारा तेवढाच, खिडकी तेवढीच. पण वाऱ्याने ज्या धातूला स्पर्श करावयाचा तो जवळजवळ नव्वदपट वाढला. परिणाम असा झाला, की फीनिक्सच्या 18 लिटरांऐवजी तिच्याहून कितीतरी बलवान अशा या गाडीला 9 लिटर पाणी पुरले. मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने सर्वांना मागे टाकले. तिच्या वेगाचे कौतुक सर्वत्र झाले. तिने निम्मे केलेल्या पाण्याचे कौतुक तितके झाले नाही, आणि ते होणे न्याय्य होते असे आम्हांस वाटते.

नऊ लिटर म्हणजे एक लहान घागर. पूर्ण शक्तीने चालणाऱ्या इंजिनातून चाकांकडे जाते तेवढीच उष्णता पाण्यात उतरते असे धरून हिशेब केला, तर रेडिएटरने आपले काम थांबवताच 30 अंशांचे हे नऊ लिटर पाणी दोन मिनिटांच्या आतच उकळू लागेल. म्हणजे ही घागर दर दोन मिनिटांनी उकळण्याइतकी उष्णता घेत होती आणि तितकीच टाकीत होती, आणि तासन् तास असे करूनही रिती होत नव्हती.

पाणी फिरवण्यास मायबाखने पंप वापरला होता. इतरांनी पंपावाचूनही भागवले. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले जड होऊन खाली उतरते, या गुणाचा उपयोग करून फ्रान्सच्या रेनोने, आणि पुढे अमेरिकेच्या हेन्री फोर्डने, पाण्याला आपोआप प्रदक्षिणा घालावयास लावले. बंबातही हेच घडते; वरच्या तोंडातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाऊन बसते आणि कढत पाणी वर राहते. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. नंतर तो काढून टाकण्यात आला. बिघडण्याजोगा एक भाग कमी झाला आणि गाडी स्वस्त झाली, हा लाभ मोठा होता. परंतु या रीतीत एक अट दडलेली असे: पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली, की प्रदक्षिणा तुटे. म्हणून थोडेसे पाणी कमी झाले तरी संपूर्ण शीतन थांबे, आणि अशा गाडीच्या चालकाला पाण्याच्या पातळीची काळजी पंपाच्या गाडीवाल्याहून अधिक करावी लागे.

हिंदुस्थानात मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या त्या 1898 च्या सुमारास, आणि जमशेटजी टाटा हे त्यांच्या पहिल्या मालकांपैकी होते. मुंबई बेटाच्या सपाटीवर समुद्राच्या वाऱ्यात या गाड्यांचे बरे चाले. खरा प्रश्न बेटाबाहेर पडल्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी उभा राही. बोरघाटातून 1830 साली बांधलेला गाडीरस्ता बैलांच्या आणि घोड्यांच्या चालीने आखलेला होता. जनावर थकले, की थांबे आणि दम घेई. मोटारीची गोष्ट निराळी. चढावर तिला खालच्या गिअरमध्ये हळू चालावे लागते, म्हणजे समोरचा वारा कमी होतो. इंजिन मात्र पूर्ण शक्तीने फिरत असते, म्हणजे उष्णता सर्वांत अधिक निर्माण होते. आणि त्यातून वारा पाठीमागून वाहत असेल, तर रेडिएटरपुढची हवा जवळजवळ स्तब्धच होते. शीतनाच्या तिन्ही वैऱ्यांची गाठ घाटात एकदम पडते. म्हणून घाट हीच रेडिएटरची नैसर्गिक प्रयोगशाळा होय.

या प्रयोगशाळेत झालेली सर्वांत गाजलेली परीक्षा 1908 सालची. वेस्टर्न इंडियाच्या मोटार युनियनने मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची विश्वासार्हतेची चाचणी ठेवली होती. रोल्स-रॉइस कंपनीची सहा सिलिंडरांची 40/50 अश्वशक्तीची एक गाडी 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचे मोती, या नावाने तीत उतरली. सहा घाट ओलांडणारी 620 मैलांची ती दौड त्या गाडीने जिंकली, आणि पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. अशा चाचण्यांचा हेतू वेग पाहण्याचा नसे. वाटेत अनिच्छेने किती वेळा थांबावे लागले, याला महत्त्व असे. आणि घाटात अनिच्छेने थांबण्याचे सर्वांत वारंवार येणारे कारण म्हणजे उकळलेले पाणी. घाटमाथ्यावर झाकण न उघडता पोहोचलेली गाडी ही त्या काळी आपल्या कारखान्याची जिवंत सनदच ठरे.

परंतु उकळले की नाही उकळले, एवढ्यावर थांबणारी परीक्षा ही अपुरी परीक्षा होय. जी गाडी पौषातल्या पहाटे घाट चढून गेली, ती चैत्रातल्या दुपारी चढेलच असे कोण सांगणार? उकळण्यापासून ती किती दूर राहिली, दोन अंश की वीस, हे नुसत्या वाफेवरून कळत नाही. वाफ दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. या अज्ञानावर पहिला उपाय 1912 च्या सुमारास हॅरिसन बॉइस या अमेरिकन माणसाने काढला. त्याचा मोटोमीटर म्हणजे रेडिएटरच्या झाकणावरच बसवलेला तापमापक. चालकाला आपल्या जागेवरून काचेतली तांबडी रेघ चढताना दिसे, आणि ती धोक्याच्या खुणेशी येण्यापूर्वी गाडी उभी करता येई. दोनच वर्षांनी, 1914 साली, कॅडिलॅकने आपल्या आठ सिलिंडरांच्या नव्या इंजिनात पाण्याचा मार्ग उष्णतेप्रमाणे आपोआप उघडणारी आणि मिटणारी झडप बसवली. कारण अतिशीतल इंजिनही इंधन वाया घालवते, हे तोवर ध्यानात आलेले होते.

शास्त्रीय मोजमापाला खरा जोर आला तो पहिल्या महायुद्धात, आणि तोही विमानांमुळे. विमानाच्या रेडिएटरला वाऱ्याचा विरोध सोसावा लागतो, म्हणून तो मोठा करणे परवडत नाही. लहानात लहान रेडिएटरने अधिकात अधिक उष्णता कशी टाकावी, हे तेथे जीवनमरणाचे होते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने नाना आकारांचे रेडिएटरचे तुकडे वाऱ्याच्या बोगद्यात ठेवले, त्यांतून तापलेले पाणी सोडले, आणि वाऱ्याचा वेग, पाण्याचा प्रवाह, आत शिरताना आणि बाहेर पडताना दोहोंची तापमाने मोजून किती उष्णता गेली आणि त्यासाठी वाऱ्याला किती रोध झाला, याची कोष्टके तयार केली. 1920 च्या सुमारास ती अहवालरूपाने प्रसिद्ध झाली. मायबाखने जे कारागिराच्या दृष्टीने ताडले होते, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला, आणि चार वर्षांनी मिशिगनमधील मिलफर्ड येथे जनरल मोटर्सने केवळ गाड्यांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र मैदान उभारले.

या सगळ्या खटाटोपातून मोटार-अभियंत्यांच्या हाती शेवटी एक साधा आकडा आला, आणि आमच्या मते या इतिहासातील तोच सर्वांत सुंदर आकडा आहे. गाडी पूर्ण भारानिशी दीर्घ चढावर चालवावी, किंवा तिच्यामागे तितकाच ओढा लावावा. आपोआप मिटणारी झडप उघडीच अडकवून ठेवावी. आणि पाण्याचे तापमान चढायचे थांबून स्थिर झाले, म्हणजे रेडिएटरच्या वरच्या टाकीतील पाणी आणि बाहेरची हवा यांतील अंतर नोंदवावे. हे अंतर हवा थंड असो वा उष्ण, जवळजवळ तेच राहते. म्हणून पाणी ज्या अंशाला उकळते त्यातून हे अंतर वजा केले, की किती उष्ण हवेत ही गाडी उकळेल, ते कळते. परीक्षा हिवाळ्यात घेतली, तरी उत्तर उन्हाळ्याचे मिळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. युरोपातल्या 15 अंशांच्या दिवशी एका गाडीचे पाणी 75 अंशांवर स्थिर झाले. अंतर 60. समुद्रसपाटीवर पाणी 100 अंशांना उकळते, म्हणजे ही गाडी 40 अंशांच्या हवेत उकळेल; आणि 40 अंश हवा तेथे क्वचितच होते, म्हणून कारखानदार निश्चिंत. हीच गाडी तुळजापूरला आणली. तुळजापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आहे, आणि दर तीनशे मीटरांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे तेथे पाणी 98 अंशांनाच उकळते. अठ्ठ्याण्णवातून साठ गेले, अडतीस उरले. वैशाखात या पठारावर सावलीतला पारा 40 च्या पुढे जातो. युरोपात निर्दोष ठरलेली गाडी आपल्या घाटात दुपारी उकळणारच, हे तिने सोलापूर सोडण्यापूर्वी कागदावर सांगता येते. यंत्र निर्दोष आहे की सदोष, हा प्रश्न अशा रीतीने अर्धाच आहे. ते कोणत्या भूमीवर चालावयाचे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग.

या भूमीवर त्या काळी निजामाचा अंमल होता. जिल्ह्याचा मुलकी कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती असे, दप्तर उर्दूत चाले, आणि धाराशिवच्या माणसाला आगगाडी गाठण्यासाठी येडशीला जाऊन बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी धरावी लागे. जून 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्त्यावरील वाहतुकीचे स्वतंत्र खाते उघडले, आणि 27 बसगाड्या व 166 नोकर एवढ्या सरंजामावर हैदराबाद संस्थानात सरकारी बसवाहतूक सुरू झाली. ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याच्या गाड्या या ताफ्यात होत्या. स्कॉटलंडच्या धुक्यात घडलेले यंत्र दख्खनच्या उन्हात आणून चालवणे म्हणजे वर सांगितलेल्या गणिताचा रोजचा प्रयोगच होता. आणि खाजगी सर्व्हिस मोटारींच्या चालकांना तर कोणत्याही खात्याचे पाठबळ नसे.

घाटात तापलेली मोटार कशी निववावी, याचे एक सर्वमान्य शास्त्र या चालकांनी स्वतःच्या अनुभवावर रचले होते. गाडी कडेला घेऊन चाकामागे दगड लावावयाचा आणि बॉनेट उघडावयाचे. झाकणाला लगेच हात लावावयाचा नाही. इंजिनाचा आतला खदखदाट मंदावला, की झाकणावर ओले गोणपाट टाकून ते चतकोरभर फिरवावयाचे, तोंड बाजूला करून वाफ जाऊ द्यावयाची, आणि मगच पुरते काढावयाचे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, डब्यातले पाणी बारीक धारेने, थांबत थांबत ओतावयाचे. कारण तापलेल्या लोखंडावर थंड पाणी एकदम पडले, तर सिलिंडरच्या ठोकळ्याला तडा जातो, आणि मग डाख लावूनही तो सांधत नाही. डब्यातले पाणी संपले, तर क्लीनर रस्त्यालगतच्या विहिरीकडे किंवा वस्तीकडे जाई. उन्हाळ्यात दोन कोसांवरून डोक्यावर आणलेल्या पाण्यातली घागर अनोळखी मोटारीसाठी देणाऱ्या घरांची नोंद कोणत्याही कारखान्याच्या अहवालात नाही. पण या मुलखातील मोटारवाहतूक त्या घरांच्या उपकारावर उभी राहिली, हे कृतज्ञतेने लिहून ठेवले पाहिजे.

त्या घागरीतही एक अडचण होती. आपल्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरे किटण धरते, तेच किटण रेडिएटरच्या बारीक वाटांत आणि सिलिंडरभोवतीच्या पोकळीत धरते. हे किटण उष्णता अडवते, म्हणून नवी असताना न उकळणारी गाडी दोन-तीन उन्हाळ्यांनी उकळू लागते. जितक्या वेळा पाणी उकळून गेले आणि नवे ओतले, तितक्या वेळा नवे क्षार आत आले. त्यामुळे पाणी न गमावणे हाच रेडिएटर स्वच्छ ठेवण्याचा उत्तम मार्ग ठरतो, आणि भरावयाचेच असेल, तर पावसाचे पाणी भरावे, हा जुन्या पुस्तकांतला उपदेश तंतोतंत खरा आहे.

गावोगावच्या मिस्त्रींनी याच्याही परीक्षा बसवल्या. रेडिएटर उतरवून वरच्या तोंडातून बादलीभर पाणी एकदम ओतावयाचे आणि खालच्या तोंडातून ते तितक्याच जोराने पडते की रेंगाळते, ते पाहावयाचे. चालून आलेल्या गाडीचे इंजिन बंद करून जाळीवरून तळहात फिरवावयाचा. सगळीकडे ऊब असताना मध्येच थंड पट्टा लागला, तर तेथल्या वाटा बुजल्या आहेत असे समजावयाचे. पंखा फिरत असताना जाळीवर कागद धरावयाचा. तो चिकटून राहिला, तर हवा ओढली जात आहे, गळून पडला, तर पंख्याचा पट्टा सैल आहे. ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने वाऱ्याच्या बोगद्यात जे तीन प्रवाह मोजले, पाण्याचा, उष्णतेचा आणि हवेचा, तेच तीन या माणसाने बादलीने, तळहाताने आणि कागदाने पारखले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे झाकणाचेच रूपांतर झाले. आजवर ते केवळ झाकण होते. आता त्याला कमान लावून आतील वाफेला ठरावीक दाबापर्यंत कोंडून ठेवण्याचे काम देण्यात आले. दर चौरस इंचास सात पौंडांचा अधिक दाब राहिला, तर पाणी सुमारे 11 अंश वर जाऊन उकळते; आमच्या कल्पित गाडीला असे झाकण बसवले, तर तुळजापूरच्या घाटात ती 38 ऐवजी 49 अंशांच्या हवेपर्यंत तग धरील. पत्र्याच्या एका लहानशा झाकणाने घाटाचा प्रश्न असा हलका केला. पुढे या परीक्षा घेण्याचे सामर्थ्य आपल्या प्रांतातच आले. 1966 साली पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली, अहमदनगरला सैन्याच्या वाहनांची संशोधनसंस्था काम करू लागली, आणि हिंदुस्थानच्या उन्हाचा आकडा हिंदुस्थानातच धरून गाड्यांची पारख होऊ लागली.

आज सोलापूरहून निघालेली एस्.टी. तुळजापूरचा घाट भर दुपारी न थांबता चढते, आणि लोहाऱ्याकडून माकणीला येणारी गाडी धरणाच्या पाण्याजवळ पोहोचते, तेव्हा तिचा चालक झाकणाला हात लावीत नाही. त्याला त्याची आठवणही होत नाही. तिच्या पोटात थोडेसे पाणी अखंड फिरत असते. ते सकाळी जेवढे होते तेवढेच सायंकाळी असते. बर्टा बेन्झने पाणवठ्यापाणवठ्यावर थांबून ओतलेले पाणी, मायबाखने आठ हजार नळ्यांभोवती कोंडलेले पाणी, आणि या पठारावरच्या कोणा बाईने दुपारच्या उन्हात आपल्या घागरीतून दिलेले पाणी, यांची आठवण त्या चालकाने ठेवावी अशी अपेक्षा नाही. परंतु जे गाव आपल्या जलाशयाची उतरती कड पाहत उन्हाळा काढते, त्या गावाला या इतिहासातली एक गोष्ट आपलीशी वाटेल: ज्यांनी हे यंत्र सुधारले, त्यांनी त्याला अधिक पाणी दिले नाही, हाती असलेले पाणी वाया जाऊ न देता पुन्हा पुन्हा कसे कामी आणावे, हे त्यांनी मोजून मोजून शोधून काढले. दर उन्हाळ्यात ज्या घागरी विहिरीवरून निघून रस्त्याकडे न वळता घरी पोहोचल्या, त्या साऱ्या त्यांच्या कामाच्या पदरात टाकल्या पाहिजेत.